कियांती: आंबट-तुरट स्वभावाची लढाई

कियांती या इटलीतल्या तोस्कानाच्या लाल वाइनचा पहिला घोट अनेकांना रुचत नाही. रंग माणकी, फारसा गडद नाही. वास आंबट चेरीचा आणि वाळलेल्या पाल्याचा. जिभेला आधी आंबटपणा लागतो आणि मागून हिरड्या आवळणारा तुरटपणा. नुसती प्यायली तर ही वाइन कडक वाटते. ताटात टोमॅटोचा सॉस, मेंढीच्या दुधाचं मुरलेलं चीज किंवा निखाऱ्यावर भाजलेलं मांस आलं की मात्र तोच आंबटपणा तेल-चरबीचा जडपणा उतरवतो आणि पुढच्या घासाची इच्छा जागी होते. माझ्या मते कियांतीचं सगळं मोल या आंबट-तुरट स्वभावात आहे, आणि तिचा इतिहास म्हणजे बराचसा तो स्वभाव मवाळ करण्याच्या आणि परत मिळवण्याच्या धडपडीचा इतिहास आहे.

हा स्वभाव येतो सांजोव्हेझे नावाच्या द्राक्षातून. ते उशिरा पिकतं, पिकल्यावरही आम्ल सोडत नाही आणि जागेच्या बाबतीत फार हट्टी असतं. फ्लोरेन्स आणि सिएना या शहरांच्या दरम्यानच्या टेकड्या त्याला मानवल्या. तिथली जमीन मुरमाड, पापुद्र्यांनी सुटणाऱ्या दगडाची. दिवस उन्हाचे आणि रात्री गार.

ही दोन्ही शहरं एकमेकांची जुनी वैरी. राद्दा, गायोले आणि कास्तेल्लिना या सरहद्दीवरच्या गावांचा संघ फ्लोरेन्सच्या बाजूचा होता आणि काळा कोंबडा ही त्याची निशाणी. 24 सप्टेंबर 1716 रोजी तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो दे मेदिची याने फर्मान काढून कियांतीसह चार वाइन-प्रदेशांच्या हद्दी आखून दिल्या. वाइनच्या नावाला जमिनीची हद्द बांधून देणारं हे जगातल्या अगदी सुरुवातीच्या फर्मानांपैकी एक. पोर्तुगालमधल्या दोऊरोची हद्द त्यानंतर 40 वर्षांनी ठरली.

हद्द ठरली, तरी वाइन कशाची करायची हे ठरलं नव्हतं. ते काम ब्रोलियोच्या किल्ल्यात राहणाऱ्या बेत्तिनो रिकासोली याने केलं. हा माणूस दोनदा इटलीचा पंतप्रधान झाला. करारीपणामुळे लोक त्याला ‘लोखंडी बॅरन’ म्हणत. अनेक वर्षांच्या प्रयोगांनंतर 1872 साली त्याने पिसाच्या प्राध्यापक चेझारे स्तुदियाती यांना पत्र लिहून आपले निष्कर्ष कळवले. सांजोव्हेझेमधून वास आणि जोम मिळतो, कानायोलो या दुसऱ्या लाल द्राक्षाने त्याचा कठोरपणा निवतो आणि पांढऱ्या माल्व्हाझियाने वाइन हलकी, रोजच्या जेवणात लवकर पिण्याजोगी होते. मुरवायच्या वाइनमध्ये मात्र माल्व्हाझिया टाळलेलं बरं, असंही त्याने बजावलं होतं. पुढे पत्राचा पहिला भाग पाठ झाला आणि हा इशारा विसरला गेला. कियांतीचं पुढचं बरंचसं दुखणं इथून सुरू होतं, असं मला वाटतं.

नाव गाजलं तसे आजूबाजूचे लोकही आपल्या वाइनला कियांती म्हणू लागले. 1924 साली राद्दात 33 उत्पादकांनी नाव जपण्यासाठी संघ काढला आणि जुना काळा कोंबडा त्यावर बसवला. तरीही 1932 साली सरकारने भोवतालचा मोठा मुलूख कियांतीत धरलाच. मूळ गाभ्याला ‘क्लासिको’ हे बिरूद तेवढं मिळालं.

मग 1967चा नियम आला. कियांतीत 10 ते 30 टक्के पांढरी द्राक्षं घालणं सक्तीचं झालं. माल्व्हाझियापेक्षा भरघोस पिकणारं, चवीला फिकं त्रेब्बियानोच त्यात जास्त पडायचं. याच सुमारास अर्धलीची, म्हणजे पीक वाटून घेण्याच्या करारावरची शेतीही मोडत होती: 1964च्या कायद्याने जमीनदार आणि कसणारा यांच्यातले असे नवे करार बंद झाले आणि कुटुंबंच्या कुटुंबं शहराकडे गेली. रिकाम्या टेकड्यांवर नव्याने लावलेल्या बागांमध्ये भर दर्जापेक्षा उत्पन्नावर होता. गवताच्या विणीतल्या गोलबुडाच्या बाटल्या जगभरच्या इटालियन खाणावळींत दिसू लागल्या, पण आतली वाइन पातळ होत गेली.

बंड घरातूनच झालं. आंतिनोरी घराण्याने 1971पासून तिन्यानेल्लो ही वाइन काढली आणि पुढे तिच्यातून पांढरी द्राक्षं पूर्ण वगळली. राद्दाजवळच्या मोंतेव्हेर्तिने या वाइनरीने 1977 साली निव्वळ सांजोव्हेझेची ले पेर्गोले तोर्ते केली. नियमाप्रमाणे अशा वाइनला कियांती म्हणता येईना, म्हणून ती ‘टेबल वाइन’ या सर्वांत खालच्या पायरीच्या लेबलाखाली विकली गेली आणि तरीही कियांतीपेक्षा महाग गेली. प्रदेशाच्या मूळ द्राक्षाची शुद्ध वाइन त्याच प्रदेशाच्या नावाला मुकावी, हा अन्याय आजही खटकतो.

नियम हळूहळू वाकले. 1984 साली कियांतीला इटलीतला वाइनचा सर्वोच्च दर्जा मिळाला आणि पांढऱ्या द्राक्षांचं प्रमाण घटलं. 1996पासून क्लासिको निव्वळ सांजोव्हेझेची करायला मुभा मिळाली, तर 2006च्या हंगामापासून तिच्यात पांढरी द्राक्षं बंद झाली. आता किमान 80 टक्के सांजोव्हेझे लागतं. क्लासिकोच्या वरच्या पायऱ्यांपैकी ‘रिझेर्व्हा’ 24 महिने मुरते आणि 2014 साली आलेली ‘ग्रान सेलेत्सियोने’ 30 महिने.

आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यात अकलूजला इटालियन भागीदारीतून उभ्या राहिलेल्या फ्रातेल्ली या वाइन कंपनीने सांजोव्हेझे लावलं आहे. त्यांच्या ‘सेत्ते’ या वाइनमध्ये ते काबर्ने सोव्हिन्योंसोबत असतं. द्राक्षाची ओळख करून घ्यायला ती चांगली आहे. कियांती क्लासिको मिळालीच, तर बाटलीवरचा काळा कोंबडा पाहून घ्या आणि ती जेवणासोबतच उघडा.