दुर्गमक्षेत्र वैद्यकीय प्रशिक्षण

रुग्णवाहिका वा डॉक्टर वेळेत पोहोचू शकत नाहीत अशा ठिकाणी काम किंवा प्रवास करणाऱ्यांना दिले जाणारे तपासणी, तातडीचे उपचार, शुश्रूषा आणि रुग्ण हलविण्याचे प्रशिक्षण. गिर्यारोहणाचे मार्गदर्शक, वनकर्मचारी, भूवैज्ञानिक सर्वेक्षक, ध्रुवीय तळांवरील कर्मचारी आणि बचावपथके हा त्याचा मुख्य विद्यार्थिवर्ग. नेहमीच्या प्रथमोपचारात रुग्ण काही मिनिटांत दुसऱ्याच्या हाती सोपविला जाईल असे गृहीत असते. येथे तो तासन्‌तास, कधी दोनतीन दिवसही, उपचार करणाऱ्याच्याच हाती राहतो. त्यामुळे बांधलेली पट्टी चार तासांनी कशी दिसते, रुग्णाने लघवी केली का, त्याला पाणी पाजावे का, हे प्रश्नही अभ्यासक्रमात येतात.

‘दुर्गम’ म्हणजे काय हे अंतरावर ठरत नाही, वेळेवर ठरते. निर्णायक उपचार एका तासाहून अधिक लांब असतील तर क्षेत्र दुर्गम, असा निकष बहुतेक संस्था लावतात. काही दोन तास धरतात. आघातोपचारातील ‘सुवर्ण तासा’च्या, म्हणजे गंभीर जखमीला पहिल्या तासातच उपचार मिळावेत या, कल्पनेवरून हा आकडा आला असावा. शरीरक्रियेच्या दृष्टीने साठाव्या मिनिटाला विशेष काही घडत नाही. तेव्हा मर्यादा सोयीपुरती मानणे बरे. वादळामुळे हेलिकॉप्टर उडत नसेल, तर रस्त्यालगतचा कडाही दुर्गम ठरतो.

उगम : याविषयी एकवाक्यता नाही. एका मतानुसार ही परंपरा सामान्य प्रथमोपचाराचीच शाखा आहे. १८७७ मध्ये इंग्लंडमध्ये सेंट जॉन ॲम्ब्युलन्स असोसिएशन स्थापन झाली. पुढच्याच वर्षी लष्करी शल्यचिकित्सक पीटर शेपर्ड यांनी वुलिच येथे नागरिकांसाठी वर्ग घेतले. जर्मनीत फ्रीड्रिख फोन एसमार्च यांनी १८८२ मध्ये कील येथे असेच शिक्षण सुरू केले. खाणकामगार आणि रेल्वेकामगार या वर्गांना येत, आणि त्यांची कामाची जागा डॉक्टरपासून दूरच असे, एवढ्यावर हे मत उभे आहे. दुसरे मत पर्वतीय बचावकार्याकडे बोट दाखविते. चार्ल्स मायनॉट डोल यांनी १९३८ मध्ये अमेरिकेत उभारलेले राष्ट्रीय स्की गस्तीपथक आणि १९४८ मध्ये स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय गिरिबचाव आयोग (आयकार) ही त्याची मुख्य उदाहरणे. या दोन्ही ठिकाणी रुग्णाला डोंगरावरून खाली आणणे हाच प्रश्न होता. दीर्घ शुश्रूषेला त्यात दुय्यम स्थान होते.

आजच्या अर्थाचा अभ्यासक्रम मात्र विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात अमेरिकेच्या ईशान्य भागात आकाराला आला, हे तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. न्यू हॅम्पशरमधील सोलो ही प्रशिक्षणसंस्था या काळातली. रस्त्यावरील रुग्णवाहिकेसाठी आखलेले नियम डोंगरात लागू पडत नाहीत, हा या पिढीच्या शिक्षकांचा मूळ मुद्दा होता. १९८३ मध्ये डॉक्टरांची वाइल्डरनेस मेडिकल सोसायटी निघाली. १९९० च्या सुमारास कोलोरॅडोत आणखी एक प्रशिक्षणसंस्था सुरू झाली आणि दशकाअखेर ती पॉल पेट्झोल्ट यांनी १९६५ मध्ये स्थापलेल्या नोल्स या मैदानी शिक्षणसंस्थेत सामील झाली. डॉक्टरांसाठीची आंतरराष्ट्रीय गिरिवैद्यक पदविका १९९७ पासूनची. समुद्रावरील प्रशिक्षणाचा प्रवाह वेगळा असून तो १९७८ च्या नाविक प्रशिक्षण कराराखाली नियमबद्ध झाला आहे.

पातळ्या : प्राथमिक वर्ग सुमारे १६ ते २० तासांचा असतो, म्हणजे दोन दिवसांचा. मार्गदर्शकांसाठीचा ‘फर्स्ट रिस्पॉन्डर’ वर्ग ७० ते ८० तासांचा असतो, आणि व्यवसायाच्या दृष्टीने हीच खरी पात्रता समजली जाते. प्रमाणपत्राची मुदत बहुधा दोन ते तीन वर्षे. कौशल्य त्याआधीच मंदावते. निम्म्याहून अधिक वेळ नाटकी प्रसंगांत जातो. रुग्णाची भूमिका करणाऱ्याला लक्षणे पढवून झुडपात झोपवितात, शक्यतो पावसात किंवा रात्री. नवखा हमखास रक्ताळलेल्या पायाशी बसतो आणि जाकीट न उघडल्यामुळे छातीची जखम त्याच्या नजरेतून सुटते. दुसरी नेहमीची चूक त्याहून साधी : रुग्णावर चार पांघरुणे घातली जातात, पण खाली मॅट सरकवायची राहते आणि जमीन पाठीतून उष्णता ओढत राहते.

तपासणीचा क्रम ठरलेला असतो. आधी जागा सुरक्षित आहे का हे पाहणे, मग मोठा रक्तस्राव, श्वसनमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण, चेतना आणि थंडी-उष्णतेपासून बचाव. त्यानंतर डोक्यापासून पायापर्यंत हात फिरवून तपासणी, नाडी व श्वसनाची मोजणी आणि पूर्वेतिहास. गंभीर रुग्णाच्या नोंदी दर पाच मिनिटांनी, स्थिर रुग्णाच्या दर पंधरा मिनिटांनी किंवा त्याहून विरळ घेतात. एका नोंदीपेक्षा बदलत्या कलाला महत्त्व : नाडी ८८, मग १०४, मग १२० असा आलेख आतल्या रक्तस्रावाची शंका उत्पन्न करतो.

मणक्याचा प्रश्न : प्रशिक्षणातील सर्वाधिक वादाचा विषय. पडलेल्या प्रत्येकाला कॉलर लावून फळीवर बांधायचे ही शहरी प्रथा होती. डोंगरात तिचा अर्थ असा, की जो चालत खाली येऊ शकतो त्याच्यासाठी स्ट्रेचर आणि अठरा-वीस माणसे लागतात. सहा-सहा जणांच्या तुकड्या आलटूनपालटून वाहतात, तरी खडबडीत वाटेवर गती तासाला दीड किलोमीटरच्या आसपासच राहते. फळीवर तासन्‌तास पडून कटिभागावर दाबव्रण होतात, आणि उताणा बांधलेला माणूस ओकला तर गुदमरण्याचा धोका असतो. म्हणून या शाळांनी तपासून बंधन काढण्याची पद्धत शिकवायला सुरुवात केली. रुग्ण पूर्ण शुद्धीवर, नशारहित आणि लक्ष विचलित करणाऱ्या दुखापतीविना असावा. मांडीचे हाड मोडलेल्याला मानेचे दुखणे जाणवेलच असे नाही. मग कवटीच्या तळापासून माकडहाडापर्यंत प्रत्येक मणक्याच्या टोकावर बोटाने ठामपणे दाबतात. स्नायूंवरून हात फिरविणे पुरेसे नाही. शेवटी चारही हातापायांतील ताकद व संवेदना पाहतात : बोटे पसरवून धरायला सांगणे, पाऊल ढकलायला व ओढायला लावणे, डोळे मिटवून टोचणे आणि हलका स्पर्श यांतला फरक विचारणे. एकही उत्तर संशयास्पद आले तर बंधन कायम राहते.

मानेच्या एक्स-रेची गरज ठरविण्यासाठी रुग्णालयात वापरले जाणारे नेक्ससचे निकष (३४,०६९ रुग्णांवर आधारित, २०००) आणि कॅनडाचा नियम (२००१) यांच्याशी ही पद्धत बरीच जुळते. मात्र ते निकष मानेपुरते आणि डॉक्टरांच्या हातून पारखलेले आहेत. उरलेल्या पाठीला आणि प्रशिक्षित सामान्य माणसाला ते लावणे हा विस्तारच म्हणायचा. तरीही कल त्याच दिशेने आहे, आणि कठीण फळीऐवजी हवा काढून घट्ट होणारी गादी पसंत केली जाते.

इतर विषय : हाड मोडल्यास खपची मोडलेल्या जागेच्या वरच्या आणि खालच्या सांध्यापर्यंत पोहोचेल अशी बांधतात, गुडघ्यामागची पोकळी आणि टाच यांना कापडी पॅडिंग देतात. बांधण्यापूर्वी आणि नंतर बोटांचा रंग, स्पर्श व हालचाल पाहतात. सूज वाढून दोन तासांनी तीच खपची आवळू लागते, म्हणून ही तपासणी पुन्हापुन्हा करावी लागते. जखम पिण्यायोग्य पाण्याने, सिरिंजच्या दाबाने धुतात. मोठ्या जखमेला एक लिटरही कमी पडते. गारठलेल्या माणसाला कोरडे करून मॅट, स्लीपिंग बॅग आणि बाहेरून प्लॅस्टिक अशा थरांत गुंडाळतात. गरम पाण्याच्या बाटल्या कापडात लपेटून काखेत व छातीवर ठेवतात, त्वचेला थेट लावत नाहीत. शरीराचे आतले तापमान २८ अंश सेल्सिअसखाली गेले असल्यास रुग्णाला अत्यंत हळुवारपणे हलवावे, कारण धक्क्याने हृदयाची लय बिघडू शकते. उष्माघातात उलट घाई असते : आधी थंड पाण्यात बुडवून गार करणे, वाहतूक नंतर. तीव्र ॲलर्जीत प्रौढाच्या मांडीच्या बाहेरच्या बाजूस ०.३ ते ०.५ मिलिग्रॅम एपिनेफ्रिन (ॲड्रिनॅलिन) स्नायूत देतात. मात्र सामान्य माणसाने ते द्यावे की नाही हे त्या त्या ठिकाणचा कायदा आणि वैद्यकीय सल्लागाराच्या लेखी सूचना ठरवितात.

सर्पदंशात कापणे, चोखणे, आवळपट्टी बांधणे ही सर्व शिकवण मागे पडली आहे. अंगठ्या काढून अवयव स्थिर ठेवणे आणि प्रतिविषापर्यंत नेणे एवढेच उरते. स्ट्रुअन सदरलँड यांनी १९७९ मध्ये मांडलेली दाब-स्थिरीकरण पद्धत (संपूर्ण अवयवाला रुंद पट्टी घट्ट गुंडाळून तो खपचीने स्थिर करणे) ऑस्ट्रेलियात प्रमाण मानली जाते. ज्यांच्या विषाने स्थानिक ऊती सडतात अशा सापांबाबत तिचा सल्ला सहसा देत नाहीत.

मदत मागविण्याचा संदेश लेखी असावा, हा नियम उपग्रहफोन आल्यानंतरही टिकला आहे. त्यात ठिकाण, रुग्णांची संख्या, मुख्य तक्रार, वेळेसह तीन नोंदी, केलेले उपचार आणि नेमके काय हवे हे असते. तो घेऊन पायी जाणारे शक्यतो दोघे असावेत, आणि त्यांतला निदान एक ती वाट आधी चाललेला असावा.