जळगावच्या उन्हात वीस लिटर समुद्र

मे महिन्यात आमच्या जळगावला पारा ४५ च्या आसपास खेळतो, दुपारी दोनला गल्लीत कुत्रं पण दिसत नाही, आणि अशा गावात मी घरात समुद्र ठेवलाय. फूट बाय फूट बाय फूट काचेची टाकी, दगड-वाळू धरून पाणी मावतं साधारण २० लिटर. पहिल्या दिवशी बादलीत मीठ घोळत बसलो होतो तर शेजारचे आप्पा दारातून म्हणे, "हाई काय करी राह्यना रे भाऊ?" त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण या विषयावर जे वाचायला मिळतं ते बहुतेक थंड देशातल्या लोकांचं, त्यांना पाणी गरम ठेवायची चिंता आणि आपली बरोबर उलटी.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. रीफ, म्हणजे समुद्रातला प्रवाळाचा खडक, म्हटलं की रंगीत कोरल, म्हणजे प्रवाळ, डोळ्यासमोर येतं, पण आपल्याकडे रीफ बांधणारी सगळी कोरलं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. समुद्रघोड्याला पण याच कायद्याचं संरक्षण. दुकानदार गुपचूप देतो म्हणाला तरी घ्यायचं नाही, आणि मेलेल्या कोरलचा दगड पण नको. मी सच्छिद्र सिरॅमिकचे तुकडे रचले, आणि राहायला ठेवल्या चार गोगलगायी, शंखातला एक खेकडा, एक कोळंबी आणि हिरव्या दोऱ्यांच्या गुंत्यासारखं दिसणारं समुद्री शेवाळ. क्लाउनफिश हा नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा सगळ्यांनाच हवा असतो, केरळातल्या विझिंजमच्या सरकारी सागरी मत्स्य संशोधन केंद्रात त्याची पैदास पण करून दाखवलीय, पण २० लिटरमध्ये माझ्या मते त्याला कोंडू नये.

आता पाणी. आपली तापी सुरतपुढे डुमसजवळ समुद्राला मिळते, तिथून कॅन भरून आणू असं डोक्यात आलं होतं, पण तिथलं पाणी गाळाचं आणि त्यात नदीचं गोडं पाणी मिसळलेलं, म्हणून नाद सोडला. समुद्राच्या लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार असतात. त्यातलं ८५ टक्के सोडियम आणि क्लोराइड, म्हणजे आपलं जेवणातलं मीठच, पण खरा खेळ उरलेल्या १५ टक्क्यांत आहे, लिटरला जवळपास १३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम, ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम, वर सल्फेट, पोटॅशियम. गोगलगाय शंख बांधते ते या कॅल्शियमवर, त्यामुळे किराण्यातलं मीठ चालत नाही, मत्स्यालयासाठीचं तयार समुद्री मीठच लागतं.

आणि ते मीठ बोअरच्या पाण्यात घोळायचं नाही. आपलं पाणी काळ्या दगडातून झिरपतं, त्यात सिलिका विरघळलेली असते, आणि सिलिका म्हणजे डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचं घर बांधायचं सामान, आठ दिवसात काचेवर तपकिरी थर. आरओचं घ्या, पण घरच्या मशीनमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळायची सोय असते ती बंद करून. माझी चूक वेगळीच झाली. आरओचं पाणी आईने नेहमीसारखं रात्री तांब्याच्या हंड्यात भरून ठेवलं होतं आणि मी सकाळी तेच टाकीत ओतलं. दोन दिवसात चारपैकी तीन गोगलगायी वाळूवर उताण्या पडल्या. खूप वाईट वाटलं. गोगलगायीच्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं जे द्रव्य असतं, हिमोसायनिन, त्यात तांबंच असतं, आपल्या रक्तात लोह असतं तसं. पण तेच तांबं पाण्यात मोकळं विरघळलं की विष, अगदी कणभर असलं तरी.

टाकीत प्राणी सोडायच्या आधी ती महिना-दीड महिना नुसती पाण्यावर चालवायची असते, इथेच लोकांचा धीर सुटतो. विष्ठा, उरलेलं खाणं यातून अमोनिया होतो, आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे त्याचं माप, ७ असेल तर त्यातला अर्धा टक्का विषारी रूपात असतो तर समुद्राच्या ८.२ ला दहापटीहून जास्त. तो अमोनिया खाऊन नायट्राइट करणारे आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे सूक्ष्मजीव आधी दगडावर वसायला लागतात. मी कोळंबीचा एक तुकडा टाकला आणि रोज टेस्ट किटचा रंग बघत बसलो, ३८ दिवस लागले. यातली एक गोष्ट मला फार आवडते. २००५ साली सिएटलच्या मत्स्यालयातल्या टाकीतून शास्त्रज्ञांनी नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस नावाचा जीव वेगळा करून वाढवला, हा बॅक्टेरिया नव्हे, आर्किया, म्हणजे तसाच एकपेशीय पण वेगळ्या कुळातला सूक्ष्मजीव, आणि अमोनियावर जगणारा आर्किया त्याआधी कुणी असा वाढवून दाखवला नव्हता. त्याची भावकी म्हणजे अख्ख्या समुद्रभर पसरलेली, आणि सापडला कुठे तर टाकीतल्या खडीत!

आता उन्हाळा, आपल्याकडचं सगळ्यात अवघड काम. पाणी २५-२७ अंशाला ठेवायचं असतं, आणि पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो, खाऱ्या पाण्यात तो मुळातच गोड्यापेक्षा कमी मावतो. पाणी थंड करायचं मशीन, चिलर, महाग. पण आपल्याकडे माठ आहे ना! पाण्याची वाफ होताना ती उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते, हिशोब केला तर २० लिटरमधलं फक्त १०० मिली उडालं की बाकीचं पाणी ३ अंश थंड व्हायला हवं. बाहेरून उष्णता येतच राहते म्हणून प्रत्यक्षात जास्त उडवावं लागतं. मी टाकीच्या कडेला कॉम्प्युटरचा छोटा पंखा लावलाय, दिवसाला अर्धा लिटर पाणी उडतं आणि खोलीत ३६ असताना टाकीत २७ राहतं. खान्देशची हवा कोरडी म्हणून हे जमतं. कूलर मात्र त्याच खोलीत लावू नका, त्याने हवा दमट होते आणि पंख्याचा जोर संपतो.

पण उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं. चार दिवस लग्नाला गेलात आणि दोन लिटर उडालं तर ३५ चा खारटपणा ३९ च्या जवळ जातो. म्हणून काचेवर मार्करने रेघ ओढायची आणि रोज सकाळी त्या रेघेपर्यंत भर घालायची, भर गोड्या पाण्याची बरं का, खाऱ्या नाही. लाइट गेली तर पंखा आणि पाणी फिरवणारा पंप इन्व्हर्टरवर, दोघांना मिळून दहा वॉट पण लागत नाहीत.

गेल्या आठवड्यात सकाळी आई ओरडली, कोळंबी मेली म्हणून. दगडापाशी आडवी पडलेली, मिशा, पाय, डोळ्यांच्या टोप्या सगळं जागच्या जागी, पण चमच्याने उचलली तर आरपार दिसणारी, आत काहीच नाही. ती कात होती. कोळंबी मागे कपारीत दडून बसलेली, कारण नवं कवच एक-दोन दिवस मऊ असतं, ते कडक व्हायला कॅल्शियम लागतं आणि ते ती बरंचसं आजूबाजूच्या पाण्यातूनच ओढते. आईने ती कात बशीत ठेवली आणि दुपारी आप्पांना बोलावून दाखवली.