थंड बेळगावात सोलर चालत नाही?

"बेळगावची हवा थंड, इथं सोलर काय चालणार? त्याला सोलापूरचं ऊन पाहिजे." कॅम्प, हिंडलगा, गणेशपूर भागात निवृत्त जवानानं घर बांधायला काढलं की हा सल्ला ठरलेला. तो चुकीचा आहे.

गोंधळ बहुधा सोलर बंबामुळं झाला असावा. बंबाला उष्णता लागते. वीज करणाऱ्या पॅनेलला लागतो उजेड. उष्णता तर त्याला बाधतेच. पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजतात. त्यापुढं दर अंशाला वीज साधारण ०.३ ते ०.४ टक्के घटते. भर उन्हाळ्यात पॅनेल तापून ६५ अंशांवर गेलं, तर १२ ते १६ टक्के वीज तिथंच गेली! सुमारे ७५० मीटर उंचीवरच्या बेळगावची गार, वाहती हवा म्हणूनच फायद्याची. जानेवारीतलं निरभ्र ऊन पॅनेलला फार मानवतं.

पावसाळ्यात मात्र वीज खरंच कमी मिळते, हे कुणी लपवू नये. हिशेब वर्षाचा करा, एकट्या जुलैचा नको. आणि लाइट गेल्यावर काय होणार, हे विक्रेत्याला आधीच विचारा: बॅटरी नसलेली, ग्रिडला म्हणजे सरकारी विजेच्या लाइनीला जोडलेली यंत्रणा लाइट गेली की आपोआप बंद पडते. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवासाठी ती तशीच बनवलेली असते.