आग एका मजल्यावर, धूर सगळ्या मजल्यांवर

“पेटलंय दुसऱ्या मजल्यावर, आम्ही सहाव्यावर. आमच्यापर्यंत पोचायच्या आत बंब येईल.” गोव्यात पर्वरी-ताळगावच्या सोसायट्यांत हा हिशेब पुष्कळांच्या डोक्यात असतो. आगीपुरता तो बहुतेक वेळा बरोबरही ठरतो. धुराला तो लागू पडत नाही.

आगीला पुढे सरकायला जळण लागतं: पडदे, गादीतला फोम, प्लायवूडची कपाटं. आपल्याकडच्या भिंती आणि स्लॅब जळत नाहीत. त्यामुळे दार बंद असेल तर एका फ्लॅटची आग बराच वेळ तिथंच घुटमळते. तिला वर जायचं तर फुटलेल्या खिडकीतून ज्वाळा बाहेर येऊन वरच्या खिडकीत शिराव्या लागतात, नाहीतर इमारतीला बाहेरून लावलेलं काहीतरी पेटावं लागतं. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये 14 जून 2017 रोजी तसंच झालं. चौथ्या मजल्यावरच्या फ्रिजपाशी सुरू झालेली आग बाहेरच्या ज्वलनशील आवरणावरून अर्ध्या-पाऊण तासात 24 मजली इमारतीच्या माथ्यावर गेली. 72 माणसं दगावली. आपल्या घरांना तसलं आवरण क्वचितच असतं. पण पावसाळ्यासाठी बाल्कनीला बांधलेलं निळं प्लास्टिक दिवाळी आली तरी तसंच लोंबत असतं, आणि नरकासुराच्या रात्रीचा एखादा भरकटलेला बाण त्याला पुरतो.

धुराला जळण नको, फट हवी. जिना, लिफ्टची पोकळी, वायरी नि पाइप नेणारा डक्ट, संडास-बाथरूमचा शाफ्ट, यातलं काहीही चालतं. गरम धूर हलका असतो, म्हणून उघडा जिना म्हणजे त्याचं आयतं धुरांडं. वर जाऊन तो थंडावतो नि तिथंच पसरतो. मग आगीच्या मजल्यापेक्षा चार मजले वर श्वास घेणं जास्त कठीण होऊन बसतं. 1980 मध्ये लास व्हेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलात आग लागली ती खालच्या कॅसिनोच्या मजल्यावर, आणि ती वर फारशी गेलीच नाही. तरी 85 जण मेले, त्यातले बहुतेक वरच्या मजल्यांवर, धुराने. गोव्यातल्याच हडफड्याच्या नाइटक्लबमध्ये डिसेंबर 2025 मध्ये 25 जण गेले. तिथंही भाजलेले थोडे, तळघराच्या बाजूला अडकून गुदमरलेले जास्त. म्हणजे खालचेही सुटतात असं नाही.

धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू ना दिसतो, ना त्याला वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. मेंदूला ऑक्सिजन कमी पडतो नि गोंधळ उडतो. रोजच्या वापरातल्या जिन्यातही माणूस वाट चुकतो, तो यामुळेही.

मला सर्वांत खटकतं ते स्टिल्ट पार्किंग, म्हणजे इमारतीखाली खांबांमधली गाड्यांची जागा. कितीतरी इमारतींत जिन्याचं तोंड थेट पार्किंगमध्ये उघडतं. त्याला दार नाही, पहिल्या पायरीला खेटून स्कूटरांची रांग, वर मीटरबोर्ड, आणि त्यातल्याच एका पॉइंटवरून एखादी इलेक्ट्रिक स्कूटर रात्रभर चार्जिंगला. ती पेटली तर कदाचित एकही फ्लॅट जळणार नाही. पण सीटच्या फोमचा आणि टायरचा काळा धूर उतरायच्या एकुलत्या एका वाटेतच भरेल.

म्हणून दाराबाहेर पडण्याआधी प्रश्न ‘आग किती लांब आहे’ हा नसून ‘जिना मोकळा आहे का’ हा आहे. दाराला हाताची उलटी बाजू लावून पाहा. दार थंड असेल नि जिना स्वच्छ दिसत असेल तर खाली उतरा, लिफ्ट सोडा, आणि निघताना दार ओढून घ्या. जिन्यात धूर असेल तर घरातच थांबा: दाराखालच्या फटीला ओला टॉवेल, मधली दारं बंद, स्वतः रस्त्याकडच्या बाल्कनीत, आणि 101 किंवा 112 ला फोन करून मजला नि फ्लॅट नंबर सांगा. गच्चीकडे धावू नका. धूरही तिकडेच चाललेला असतो, आणि गच्चीच्या कुलपाची किल्ली बहुधा सेक्रेटरीच्या घरी असते.