'फेअर' गेलं, 'ग्लो' आलं : गोऱ्या रंगाच्या जाहिरातींची पार्श्वभूमी

गोरेपणाचं वेड जाहिरातींनी लावलं, असं सरसकट म्हणता येत नाही. आपल्याकडे विठोबा सावळा चालतो, सून मात्र गोरी लागते. वर्तमानपत्रांतल्या 'वधू पाहिजे'च्या छोट्या जाहिरातींत 'गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष' असं आधीपासूनच छापून येत होतं, आणि मुलीकडचे 'निमगोरी' लिहून वेळ मारून नेत होते. मुंबईत ई. एस. पाटणवाला यांचा 'अफगाण स्नो' (चेहऱ्याला लावायचं क्रीम) १९१९ मध्येच बाजारात आला होता. या जुन्या हौसेला नळीत भरून देशभर विकलं ते पुढे.

हिंदुस्थान लिव्हरची 'फेअर अँड लव्हली' १९७५ ची. लगेच पुढच्या वर्षी दूरदर्शनवर एकूणच जाहिराती दाखवणं सुरू झालं. क्रीममधला मुख्य घटक नायसिनामाइड, म्हणजे ब जीवनसत्त्वाचाच एक प्रकार. त्वचेतलं रंगद्रव्य वरच्या पेशींपर्यंत पोचण्याचं प्रमाण तो कमी करतो. जाहिरातीतला चमत्कार मात्र याच्या कितीतरी पुढचा असे. सुरुवातीला त्या चमत्काराचं फळ म्हणजे चांगलं स्थळ. मुली नोकरी करू लागल्या तशी कथाही बदलली. 'मुलगा असता तर बरं झालं असतं' असा उसासा टाकणारा बाप, तो ऐकणारी सावळी मुलगी, मग क्रीम, आणि थेट हवाईसुंदरीची नोकरी! माझ्या मते ही जाहिरात लग्नाच्या जाहिरातींपेक्षा जास्त घातक होती. मुलीचं कमावतं होणं ही अभिमानाची गोष्ट. तिच्यातही रंगाची अट घुसवली गेली.

अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने याविरुद्ध राष्ट्रीय मानवी हक्क आयोगापर्यंत धाव घेतली आणि २००३ मध्ये सरकारने या क्रीमच्या दोन जाहिरातींचं प्रसारण थांबवलं. धंदा थांबला नाही. २००५ मध्ये इमामीने पुरुषांसाठी 'फेअर अँड हँडसम' आणली, पुढे शाहरुख खान तिचा चेहरा झाला. नाकारलं जाण्याची भीती आता मुलग्यांनाही विकता येत होती.

चेन्नईच्या 'विमेन ऑफ वर्थ' संस्थेने २००९ मध्ये 'डार्क इज ब्यूटिफुल' मोहीम सुरू केली. नंतर अभिनेत्री नंदिता दास तिच्यात आल्या. सावळी माणसं दुःखी किंवा अपयशी दाखवू नयेत, असा नियम जाहिरात मानक परिषदेने (एएससीआय) २०१४ मध्ये केला. पण ती परिषद जाहिरात उद्योगाचीच. तिचे नियम म्हणजे कायदा नव्हे.

२०२० च्या जूनमध्ये, अमेरिकेत कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइड यांच्या पोलिसाने केलेल्या हत्येनंतर वर्णभेदाविरुद्ध वातावरण तापलं असताना, हिंदुस्थान युनिलिव्हरने (म्हणजे पूर्वीच्या हिंदुस्थान लिव्हरने) नावातला 'फेअर' काढला. 'ग्लो अँड लव्हली' आली. पुरुषांसाठीच्या 'ग्लो अँड हँडसम' या नावावर मात्र इमामीनेही हक्क सांगितला आणि दोन्ही कंपन्या कोर्टात गेल्या. इमामीने आपल्या क्रीमचं नाव बदलून 'स्मार्ट अँड हँडसम' केलं ते थेट २०२५ मध्ये.