फ्युएल सेलच्या मेम्ब्रेनमधले नॅनोकण

हायड्रोजन फ्युएल सेलच्या (हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज करणाऱ्या सेलच्या) दोन इलेक्ट्रोडांमधे जो पॉलिमरचा पातळ पडदा असतो त्यात सिलिका, टायटॅनिया, सेरिया (सिलिकॉन, टायटॅनियम आणि सेरियमची ऑक्साइडं) असे नॅनोमीटरच्या मापाचे कण घालून तो सुधारायची पद्धत. पडदा बहुतेक वेळा नॅफिऑन या पॉलिमरचा, जो ड्यूपाँट कंपनीत वॉल्थर ग्रोट यांनी १९६० च्या दशकात शोधला.

अडचण पाण्याची आहे. हायड्रोजनपासून निघणारा प्रोटॉन पडद्यातून पलीकडे सरकतो तो पॉलिमरला जोडलेल्या आम्लधर्मी सल्फोनिक गटांभोवतीच्या पाण्यातून, म्हणजे पडदा ओला हवा, पण साधारण ८०-९० अंश सेल्सियसच्या वर तो सुकायला लागतो आणि नेमकं तापमान वाढवायचं असतं, कारण १२० अंशांच्या आसपास इलेक्ट्रोडांवरच्या प्लॅटिनम उत्प्रेरकाला हायड्रोजनमधल्या कार्बन मोनॉक्साइडचा त्रास बराच कमी होतो.

सुरुवात कुणाची यावर एकमत नाही. केनेथ मॉरिट्झ यांच्या गटाने १९९० च्या सुमारास सोल-जेल पद्धतीने (द्रावणातून घन पदार्थ घडवून) नॅफिऑनच्या आतच सिलिका वाढवली, पण तिथे रस मुख्यतः संकरित (पॉलिमर आणि ऑक्साइड एकत्र असलेल्या) पदार्थात होता. जपानमधे मासाहिरो वातानाबे यांनी १९९६ मधे प्लॅटिनमचे कण आणि ऑक्साइड दोन्ही घातले, म्हणजे पडद्यातून झिरपणारे हायड्रोजन आणि ऑक्सिजन प्लॅटिनमवर भेटून आतच पाणी होतं आणि ऑक्साइड ते धरून ठेवतं. कण घालायची रीत मॉरिट्झ यांची आणि फ्युएल सेलसाठीचा विचार वातानाबे यांचा, असं म्हणणं जास्त पटतं. मग १९९९ च्या सुमारास इटलीत मेसिनाला सिलिका घातलेल्या नॅफिऑनवर मिथेनॉलचा सेल १४५ अंशांपर्यंत चालवून दाखवला गेला.

कण नेमकं करतात काय, हा खरा वाद. पाणी धरतात हे जुनं उत्तर, पण प्रिन्स्टनच्या गटाने वेगवेगळे ऑक्साइड तपासले तेव्हा सगळे सारखे वागले नाहीत, सिलिका आणि टायटॅनिया बरे निघाले, त्यामुळे कणाचा पृष्ठभाग पॉलिमरच्या साखळ्यांना कसा बांधतो आणि गरम झाल्यावर पडद्याला ढिला पडू देतो की नाही, हे जास्त महत्त्वाचं दिसतं. त्यात नॅफिऑनची आतली रचनाच अजून वादात आहे. गिएर्के यांच्या जुन्या मॉडेलमधे सुमारे ४ नॅनोमीटरच्या पाण्याच्या गोळ्या १ नॅनोमीटरच्या वाटांनी जोडलेल्या, तर श्मिट-रोर आणि चेन यांच्या २००८ च्या मांडणीत सरासरी २.४ नॅनोमीटर व्यासाच्या समांतर नळ्या, मग कण बसतो कुठे याचं उत्तरही मॉडेलप्रमाणे बदलतं.

प्रमाण थोडंच ठेवावं लागतं, जास्त झालं की गुठळ्या होतात, पडदा ठिसूळ होतो आणि वाहकताही घटते.

पुण्याच्या एनसीएलमधे (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) विजयमोहनन पिल्लै यांच्या गटाने २००८ मधे सल्फोनिक गट लावलेल्या कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) नॅफिऑनमधे घातल्या. नॅनोट्यूब इलेक्ट्रॉनही वाहतात, म्हणून तिथे प्रमाण फारच जपावं लागतं, नाहीतर सेल आतल्या आत शॉर्ट होतो.

टिकाऊपणासाठी सेरिया सगळ्यात उपयोगी. पॉलिमर कुरतडणाऱ्या हायड्रॉक्सिल रॅडिकलला (सेलमधे तयार होणाऱ्या अतिक्रियाशील कणाला) सेरियम इलेक्ट्रॉन देऊन निष्प्रभ करतं आणि नंतर पुन्हा मूळ रूपात येतं, म्हणून थोडंसं पुरतं. पण सेल चालताना सेरियमचे आयन पडद्यात जागा सोडून सरकतात, आणि रॅडिकल जिथे तयार होतात तिथेच ते कमी पडू शकतात.