'अजून' एक, इंग्रजी शब्द दोन: स्टिल आणि येट

पावसाळ्यात कृष्णा फुगली की सांगलीत जो तो एकच विचारतो, "आयर्विनला किती फूट?" 1929 सालच्या या पुलापाशी 40 फुटांना इशारा पातळी, 45 ला धोका पातळी. उत्तरात 'अजून' हमखास येतं. "पाणी अजून वाढतंय." "अजून चाळिसाला लागलं नाही." मराठीत एका शब्दात भागतं. बंगळुरातल्या साहेबांना हेच इंग्रजीत कळवायचं झालं, की स्टिल लिहू की येट, असा घोळ होतो.

पहिल्या वाक्याला स्टिल: द वॉटर इज स्टिल रायझिंग. वाढणं आधीच सुरू झालंय आणि थांबलेलं नाही. दुसऱ्याला येट: इट हॅजन्ट रीच्ड फॉर्टी फीट येट. इथे एक गोष्ट व्हायची राहिली आहे आणि ती होईल असा अंदाज आहे. म्हणजे चालू आहे त्याला स्टिल, व्हायचं बाकी आहे त्याला येट. "वॉटर इज येट इन अवर लेन" असं कुणी लिहिलं तर अर्थ लागतो, पण वाक्य शंभर वर्षांपूर्वीचं वाटतं. तिथे स्टिलच हवं.

जागाही वेगळ्या. स्टिल मुख्य क्रियापदाच्या आधी येतं, नुसतं इज-आर असेल तर त्याच्या लगेच नंतर. येट बहुधा वाक्याच्या शेवटी, नकारात किंवा प्रश्नात. प्रश्नात आपण फसतो, कारण "एसटी आली का?" यात 'अजून' नसतंच. इंग्रजीत मात्र 'हॅज द बस कम येट?' म्हणतात, येट गाळलं तरी चालतं, पण आपण वाट बघतोय हे त्यातून कळतं. 'डिड द बस कम येट?' हे अमेरिकी वळण.

आता खरी गंमत नकारात. स्टिल नकारातही येतं, फक्त हॅजन्टच्या आधी. "कोयनेतून सोडलेलं पाणी अजून सांगलीत पोचलं नाही" हे शांतपणे सांगायचं तर येट: द वॉटर हॅजन्ट रीच्ड सांगली येट. पूर ओसरून बरेच दिवस झाले आणि पंचनाम्याला कुणी फिरकलं नाही, तर: द टीम स्टिल हॅजन्ट कम. यात वैताग आहे; मराठीत आपण तो "अजूनसुद्धा" म्हणून किंवा आवाज चढवून दाखवतो. दोन्ही वाक्यं व्याकरणाने बरोबर, पण अर्जावर कुठलं लिहिलं यावरून वाचणाऱ्याला तुमचा पारा कळतो. पहिल्या अर्जात मी येट लिहीन, तिसऱ्यात बेलाशक स्टिल.

बातम्यांत आणखी एक रूप भेटतं: द रिपोर्ट इज येट टू कम. वाक्यात नॉट कुठेच नाही, तरी अर्थ 'अहवाल अद्याप आलेला नाही' असाच.

'अजून'चा तिसरा अर्थ 'आणखी'. "अजून दोन फूट चढेल" याला साधं टू मोर फीट. "पाणी अजून वाढेल" म्हणजे द वॉटर विल राइज फर्दर. इथे सवयीने स्टिल घातलं, तर 'तरीही पाणी वाढेलच' असा भलताच निरोप पोचतो. येट अनदर मात्र 'आणखी एक' याच अर्थाचं आहे, बहुतेक वेळा कंटाळ्याच्या सुरात: येट अनदर फॉर्म. कागदपत्रांच्या रांगेत उभं राहिलेल्याला हा सूर समजावून सांगायला नको.

राहिला 'तरीही'. त्या अर्थाने दोन्ही चालतात आणि फरक थोडाच आहे. येट दोन वाक्यं थेट जोडतं: इट रेन्ड ऑल नाइट, येट द वॉटर फेल. स्टिल वापरायचं तर पूर्णविराम देऊन नवं वाक्य सुरू करा, किंवा आधी बट घाला. बोलताना स्टिल जास्त ऐकू येतं, लिहिताना येट.